क्लॅरनेट मधेच चिरकतं: नवी रीड घेण्याआधी काय काय बघायचं

पाडवा सरला की लग्नसराईची चाहूल आधी माझ्या ओट्याला लागते. बँडवाले क्लॅरनेटच्या पेट्या आणून ठेवतात आणि तक्रार बहुतेक एकच असते, "काका, मधेच चिरकतंय." सोबत खिशातून चार-पाच रीड निघतात, फुंकायच्या टोकाला बसवायच्या त्या पातळ पट्ट्या. "ह्या सगळ्या खराब निघाल्या." त्यातली एखादी खरंच वाया गेलेली असते, बाकीच्यांचा काही गुन्हा नसतो. माझं आयुष्य वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात गेलं, क्लॅरनेट हा संध्याकाळचा नाद. पण हा एक दोष मी इतक्या वेळा काढलाय की आता पेटी उघडायच्या आधीच अंदाज येतो. निम्म्याहून जास्त वेळा चूक नळीची असते आणि शिक्षा रीडला होते.

लक्षणं

"चिरकतं" या एका शब्दात चार-पाच वेगळे रोग दडलेले असतात. म्हणून वाद्य हातात घ्यायच्या आधी मी विचारतो, चिरकतं म्हणजे नक्की होतं काय?

कुणाचं सूर धरायच्या क्षणालाच "चीं" होतं. कानात टाचणी टोचावी तसा आवाज, आणि वाजवायच्या सुराशी त्याचं काही नातं नाही. कुणाचा सूर नीट लागतो, मंद्रात छान चाललेलं असतं आणि एकदम आवाज वर उडतो. हा उडालेला आवाज तसा कर्कश नसतो, चांगला भरीव सूर असतो, फक्त नको तिथं आलेला. कुणाचे तळाचे तीन-चार सूर लागतच नाहीत. बोटं दाबून दाबून दुखायला लागतात तेव्हा कुठं फुटका आवाज निघतो. कुणाच्या एखाद्याच सुरावर गुळगुळ होतं, हुक्क्यासारखं. आणि काहींचं सुरापेक्षा फुसफुसणं जास्त, नाहीतर जोर लावला की आवाज गपकन बंद.

पहिल्या दोघांतला फरक ओळखायला हार्मोनियम समोर घ्या. बोटं ज्या सुरावर आहेत त्याला सा माना. उडालेला सूर तार सप्तकातल्या पंचमाच्या जवळ गेला, बहुधा किंचित चढा, तर नळीतून कुठंतरी हवा गळतेय. त्याच्याही वर, अतितार गंधाराच्या आसपास गेला तरी संशय तोच. कुठल्याच स्वराशी जुळत नसेल, नुसती किंकाळी असेल, तर रीड आणि ओठ तपासा. एवढ्या परीक्षेनं निम्मं काम होतं आणि खर्च शून्य.

असं का होतं

हा भाग टाळून खाली गेलात तरी चालेल, पण मग पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागतील. हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायची गरज उरत नाही.

रीड आपण वाजवतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे रीड हे एक दार आहे आणि ते उघडायचं-मिटायचं कधी, हे नळीतली हवा ठरवते. फुंकल्यावर तोंडातला दाब रीडला माउथपीसकडं, म्हणजे तोंडात धरायच्या तुकड्याकडं, रेटतो आणि फट बारीक होते. आत शिरलेला हवेचा झटका नळीतून पहिल्या उघड्या भोकापर्यंत जातो आणि तिथून उलटा होऊन फिरतो: जाताना दाब म्हणून गेलेला, येताना ओढ म्हणून येतो. ती ओढ रीडला आणखी मिटवते. मग तीच ओढ परत खाली जाते, वर येताना दाब होऊन येते आणि रीडला उघडते. आत दाब आहे आणि दारही उघडं आहे, नेमक्या त्या घटकेला तोंडातली हवा आत घुसते. झोका मागून पुढं निघाला की पाठीला हात लावतो ना, तसं. म्हणून थरथर विझत नाही.

म्हणजे एका कंपनासाठी हवेला नळीत दोनदा जाऊन यावं लागतं, नळीची लांबी चार वेळा तुडवावी लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर, नळी हवेच्या हिशेबानं ६० सेंटिमीटरच्या आसपास. भागाकार केला की १४४ येतात. बी-फ्लॅट क्लॅरनेटचा सगळ्यात खालचा सूर प्रत्यक्षात १४७ हर्ट्झचा असतो. कागदावरचं गणित वाद्याच्या इतकं जवळ आलं की मला अजूनही बरं वाटतं.

आता रीडचं स्वतःचं. माउथपीसवर बसवलेली रीड मोकळी सोडली तर ती साधारण २००० ते ३००० हर्ट्झला थरथरेल, आपण वाजवतो त्या बहुतेक सुरांच्या कितीतरी वर. खालचा ओठ तिच्यावर मऊ उशीसारखा असतो आणि हा स्वभाव दाबून ठेवतो. ओठ निसटला, किंवा नळीकडून येणारा हुकूम कमजोर झाला, की रीड आपल्या मनाचं सुरू करते. ती किंकाळी म्हणजे रीडचा स्वतःचा सूर.

आणि पंचम का? सनई निमुळती असते, तिच्यात जोर लावला की सूर तार षड्जावर जातो. क्लॅरनेटची नळी जवळजवळ सरळ आणि रीडच्या बाजूनं बंद. अशा नळीला दुप्पट कंपन मानवत नाही, ती थेट तिप्पटीवर उडी घेते, म्हणजे तार पंचमावर. सनईवरून क्लॅरनेटकडं आलेल्या माणसाची पहिल्या महिन्यात जी तारांबळ उडते ती यामुळं. १७०० च्या सुमाराला न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिरानं ही उडी हुकमी केली. डाव्या अंगठ्याच्या रजिस्टर चावीखाली ज्वारीच्या दाण्याहून बारीक भोक असतं. ते मुद्दाम केलेलं पंक्चर आहे. मूळ सुराचा दाब तिथं फुटतो, तिपटीच्या सुराला त्याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून तो पुढं येतो.

आता गळतीकडं बघा. वरच्या जोडाचं, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्याचं, एखादं पॅड (चावीखालची भोक झाकणारी गादी) केसभर उचललेलं असेल, तर ती कुणीही न दाबलेली रजिस्टर चावी झाली. वाद्य आपल्या परीनं बरोबरच वागतंय. त्यावर तुम्ही नवी रीड लावली काय, जुनी लावली काय.

रीड कुठं बसलीय

दोन मिनिटांचं काम. माउथपीस उजेडाकडं धरा, अंगठ्यानं रीडचं टोक हळूच दाबून फट मिटवा. रीडच्या वर माउथपीसच्या टोकाची केसाएवढी काळी रेघ दिसली पाहिजे आणि ती डावीकडून उजवीकडं सारखी हवी. रीडच्या टोकाची जाडी मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग, आणि समोरची फट एक मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या बारीक दारात रीड नखभर तिरकी बसली की एक कोपरा आधी मिटतो, दुसरा मागून, आणि दाराला दोन मनं होतात.

लिगेचरचे, म्हणजे रीड आवळून धरणाऱ्या पट्ट्याचे, स्क्रू पान्यानं आवळल्यासारखे आवळू नका. बोटानं फिरवून थांबेल तिथं थांबा, वरचा खालच्याहून जरा सैल. आणि रीडच्या टोकाला टवका उडालेला असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, ती गेली.

रीड ओली आहे का, सपाट आहे का

रीड ही बांबूसारख्या दिसणाऱ्या जाड गवताची असते, बहुतेक चांगला माल फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या वार भागातला. गवतच ते, पाणी प्यायलं की फुगतं, सुकलं की आक्रसतं. एप्रिल-मे महिन्यात मांडवाबाहेर अर्धा तास बसलात आणि मग एकदम फुंकलंत, तर टोक सुकून लाटा आलेलं असतं. ते माउथपीसवर कुठं टेकतं, कुठं टेकत नाही. पावसाळ्यात उलटं: गणपतीच्या दिवसांत तीच रीड आधीच फुगलेली आणि मऊ.

साध्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं भिजवा, काचेच्या तुकड्यावर पालथी ठेवून अंगठ्यानं टोक दाबून धरा. लाटा बसतात. मग रीड लावलेला माउथपीस वाद्यापासून काढून त्याचं खालचं तोंड तळहातावर दाबा, वरून हवा ओढून घ्या आणि ओठ सोडा. रीड सेकंदभर चिकटून राहिली आणि मग "टप्प" करून सुटली, तर जागा सपाट आहे. ओढताच फस्स झालं तर एक तर रीडची पाठ वाकलीय, नाहीतर माउथपीस. तीन-चार रीड लावून बघा. सगळ्याच फस्स करत असतील तर माउथपीसवर संशय धरा, त्याबद्दल खाली आहेच. एकच करत असेल तर काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तिची पाठ आठ-दहा वेळा घासा. पाठच, टोकाची बाजू नाही.

एकच रीड रोज वाजवून मारू नका. तीन-चार आलटून-पालटून वापरा आणि सपाट खाचेच्या डबीत ठेवा. शर्टाच्या खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी ठेवलेल्या रीड मी पाहिल्यात. त्यांच्याबद्दल काय बोलणार.

ओठ

इथं पैसे लागत नाहीत, पण ऐकून घ्यायला लोकांना सगळ्यात जड जातं. तंबी एकच: चावू नका. चावलं की फट मिटते आणि सुराचा श्वास कोंडतो. फार सैल सोडलं की रीडला तिचा स्वतःचा सूर सापडतो. आणि माउथपीस फार आत घेतलात तर ओठ रीडच्या जाड भागावर येतो, पुढचं पातळ टोक मोकाट सुटतं. मग "चीं" ठरलेलं.

ओठाची जागा अंदाजानं ठरवू नका. वहीच्या कागदाची पट्टी रीड आणि माउथपीस यांच्या मधल्या फटीत वरून सरकवा. जिथं ती अडते तिथून रीड माउथपीसला चिकटलेली आहे. तिथं रीडवर पेन्सिलीनं बारीक रेघ मारा. खालचा ओठ त्या रेघेवर यायला हवा. मागं-पुढं दोन-तीन मिलिमीटर ज्याच्या-त्याच्या दातांप्रमाणं, पण सुरुवात तिथून.

बोटं, आणि नकळत लागणाऱ्या चाव्या

नवशिक्यांत हे सगळ्यात जास्त. पाच मिनिटं मंद्रात वाजवा, मग बोटांची पेरं बघा. भोकाचा गोल ठसा पुरा उमटला पाहिजे. एका बाजूला अर्धा चंद्र असेल तर दुसऱ्या बाजूनं हवा जातेय. बोम पद्धतीच्या, म्हणजे आज सर्रास दिसणाऱ्या चाव्यांच्या रचनेच्या, वाद्यात भोकांभोवती कड्या असतात, बोट कडीवर टेकलं की आपल्याला वाटतं झाकलं. जुन्या आल्बर्ट पद्धतीच्या वाद्यांत बरीच भोकं उघडी, म्हणून आपल्याकडं मींड घेणारे वादक ती सोडत नाहीत. पण तिथं बोट सरकवताना गळती करायची आणि सूर उडू द्यायचा नाही, ही कसरत असते. मींडेत चिरकलं म्हणून वाद्याला नावं ठेवू नका.

दुसरं: डाव्या तर्जनीच्या मुळाशी दोन चाव्या असतात, जी-शार्प आणि ए. पहिलं भोक झाकताना तर्जनीचं पेर त्यांना घासतं. उजव्या हाताच्या तर्जनीचं मूळ बाजूच्या चाव्यांवर टेकतं. अर्धा मिलिमीटर उचललं तरी पुरे. शेजारी कुणाला तरी बसवा आणि फक्त त्या चाव्यांकडं बघायला सांगा. वाजवणाऱ्याला स्वतःला हे दिसत नाही.

पाणी

गुळगुळ एकाच सुरावर होत असेल तर त्या भोकात थुंकीचं पाणी बसलंय. त्या चावीखाली कोरडा सिगारेटचा कागद सारून चावी दोन-तीनदा हलकी दाबा, कागद पाणी पितो. मग नळीतून कापड ओढून घ्या. एवढंच.

कापड ओढलंच आहे तर रजिस्टर चावीच्या नळकांड्यात धागे-मळ अडकलाय का तेही बघा. ते बारीक नळकांडं आत नळीत डोकावत असतं, सुती कापडाची लव तिथंच अडकते. ते बुजलं की वरचे सूर घोगरे येतात.

रीडचा नंबर

इथवर सगळं ठीक, तरी फुसफुस किंवा गपकन बंद पडणं चालूच, तर रीड तुमच्या माउथपीसला जड किंवा हलकी आहे. नंबर जितका मोठा तितकी रीड जड. इथं मी एक खेळ करतो, आणि येणाऱ्या पोरांनाही करायला लावतो. गवंडी लोक भिंतीची पातळी काढायला जो पारदर्शक लेव्हल पाइप वापरतात, त्याचा दोन-अडीच मीटरचा तुकडा घ्यायचा. खिडकीच्या गजाला यू आकारात बांधायचा, अर्धा पाण्यानं भरायचा. एक टोक मोकळं, दुसरं ओठांच्या कोपऱ्यात माउथपीसशेजारी. आता वाजवा. पाण्याच्या दोन पातळ्यांतलं अंतर म्हणजे तुमच्या तोंडातला दाब. वाजवताना तो साधारण २० ते ५० सेंटिमीटरच्या दरम्यान खेळतो.

हळूहळू फुंकत जा. आवाज फुटतो तो आकडा टिपा. मग दाब वाढवत न्या. एका जागी रीड पूर्ण मिटते आणि आवाज थांबतो, तोही टिपा. माझ्या रोजच्या रीडला १८-२० ला आवाज फुटतो आणि साठीच्या अलीकडं-पलीकडं ती मिटते. मिटायच्या दाबाच्या एक तृतीयांशाला आवाज सुरू होतो, गणितही हेच सांगतं. कारण असं: फट जशी आक्रसते तशी एका मर्यादेनंतर दाब वाढवला तरी हवा कमीच जाते. हे उलटं वागणं सुरू झालं की मगच रीड नळीतल्या कंपनाला ऊर्जा देऊ शकते. त्याआधी नुसती फुसफुस. म्हणून जड रीडला खूप दाब लागतो आणि छाती फुटते, हलकी रीड पटकन बोलते पण जोर केला की मिटते. पोरं जड नंबरला मर्दानगी समजतात. दिवसभर वराती वाजवायच्या असतील तर दोन किंवा अडीचनं भागतं.

हलकी झालेली रीड वाचवायची जुन्या लोकांची एक रीत होती. टोक दोन नाण्यांच्या मध्ये धरायचं, नाण्याच्या गोलाईबाहेर सुतभर सोडायचं आणि ते काडीनं जाळून टाकायचं. पातळ भाग कमी झाला की रीड जड होते. मी केलंय, दोन रीड वाचवल्या आणि बऱ्याच जाळल्या.

ओढ-परीक्षा

उडालेला सूर तार पंचम असेल तर मी वरचं सगळं भरभर उरकून इथं येतो.

माउथपीस आणि त्याखालचा आखूड तुकडा, म्हणजे बॅरल, काढा. वरचा जोड एकटा घ्या. सगळी भोकं बोटांनी झाका, खालचं तोंड दुसऱ्या तळहातावर घट्ट टेकवा आणि वरून तोंडानं हवा ओढा. आता ओठ न हलवता थांबा. तळहाताची कातडी आत ओढली गेलेली जाणवते. ती ओढ चार-पाच सेकंद टिकली तर जोड घट्ट आहे. ओढताच सुटत असेल तर गळती आहे. ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात त्यातलाच प्रकार, फक्त क्लॅरनेट पाण्यात बुडवायचं नसतं. (हसू नका. एकानं बादलीत घातलं होतं.) विडीचा धूर सोडून तो कुठून निघतो बघणारेही आहेत. धूर दिसतो खरा, पण पॅड चिकट होतात.

खालच्या जोडालाही असंच करा. तिथल्या करंगळीच्या काही चाव्या एरवी उघड्याच असतात, त्या दाबून बंद करायच्या.

दोन्ही जोड सुटे असताना घट्ट, पण जोडल्यावर सूर उडतो, तर मधल्या सांध्याचा बूच बघा. जोड डुगडुगत असेल तर तिथून हवा जाते. बुचाला ग्रीस लावा, फार सैल असेल तर शिवायच्या दोऱ्याचे चार वेढे तात्पुरते द्या. लग्न पार पडतं. आणि दोन जोडांमधला चावीचा पूल नीट समोरासमोर आलाय का बघा. जोड फिरून बसले की तो पूल वरचं पॅड उचलून धरतो. यावर उपाय म्हणजे जोड थोडे फिरवणं, बस.

कागदाची पट्टी

गळती आहे हे कळलं, आता कुठं. सिगारेटच्या कागदाची पाच मिलिमीटर रुंद पट्टी कापा. पॅडखाली एका कडेला ठेवा, चावी तिच्या स्प्रिंगच्याच जोरावर मिटू द्या आणि पट्टी ओढा. मग उलट्या बाजूला, मग उरलेल्या दोन कडांना. चारही बाजूंना सारखी ओढ लागली पाहिजे. एका बाजूनं पट्टी सुळकन आली तर तिथं फट. सगळ्यात वरच्या पॅडपासून सुरुवात करा. माउथपीसच्या जवळची गळती जास्त सूर नासवते, कारण दाबाची चढ-उतार तिथं सगळ्यात मोठी असते.

पॅड म्हणजे फेल्टच्या चकतीवर ताणलेला पातळ पापुद्रा. तो कडेला फाटला की आतलं फेल्ट हवा पितं, वरून मात्र काही दिसत नाही. भिंग घ्या.

स्प्रिंग

गेल्या वर्षी एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा आजोबांचं क्लॅरनेट घेऊन आला. आठ रीड फेकून झालेल्या. मी वाजवलं, चांगलं वाजलं. ओढ-परीक्षा केली, जोड घट्ट. पट्टीनं बघितलं, पॅड सगळे नीट. माझ्या ओट्यावर त्यानं वाजवलं तरी एकदाही उडालं नाही. मी म्हटलं, "बाबा रे, काहीच नाही याला." तो म्हणाला, "काका, घरी नाहीच चिरकत. वरातीतच चिरकतं."

मग डोक्यात प्रकाश पडला. त्याला म्हटलं, ढोल-ताशा शेजारी आहे असं समज आणि वाजव. दुसऱ्याच सुराला उडालं.

जोरात वाजवताना नळीतला दाब वर-खाली होतो तो तोंडातल्या दाबाच्या बरोबरीला येतो. ४० सेंटिमीटर पाण्याचा दाब आणि आठ मिलिमीटरचं भोक धरलं तर पॅडवर आतून सुमारे २० ग्रॅमचा रेटा बसतो. फार नाही, पण जी-शार्पच्या चावीखालची पट्टीची स्प्रिंग इतकी दमलेली होती की ती तेवढ्यालाही मागं सरत होती. हळू वाजवताना बंद, जोर आला की केसभर उघड. मी चावीवरून एक रबरबँड फिरवला आणि त्याला पुन्हा फुंकायला लावलं. घरातलं मांजर पळालं, पण सूर उडाला नाही.

रबरबँड हा त्या रात्रीपुरता उपाय. स्प्रिंग काढून जराशी वाकवली की जोर येतो, पण जुनी स्प्रिंग वाकवताना तुटते. सुईसारख्या स्प्रिंगला तर हात लावूच नका, तुटलेला तुकडा चावी धरणाऱ्या खांबात अडकला की तो काढायला कारागीरच लागतो.

इथं थांबा

एखादं पॅड बदलणं हौशी माणसाला जमतं: चावी गरम करायची, लाख वितळली की जुनं काढायचं, नवं बसवून पट्टीनं तपासायचं. दोनाहून जास्त पॅड गळत असतील तर तो नाद सोडा. चाव्या एकमेकांशी जोडलेल्या असतात, एक सरळ केली की दुसरी उचलते.

लाकडाला चीर दिसली तर लगेच वाजवणं बंद. चीर बहुधा वरच्या जोडात, चाव्यांच्या खांबाजवळ किंवा भोकातून निघते. केसाएवढी दिसली तरी ती आत नळीपर्यंत गेलेली असू शकते, आणि फुंकताना आतून ओल, बाहेरून कोरडं, अशानं वाढत जाते. फेव्हिक्विक ओतू नका. ते चिरेत बसतं आणि मग कारागिराला नीट भरताही येत नाही.

माउथपीस वाकला असेल, किंवा त्याच्या टोकाच्या कडेला टवका गेला असेल, तरी घरी घासू नका. ज्या वळणावर रीड मिटते ते वळण मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. काचपेपरचा एक फटका जास्त आणि माउथपीस शोभेचा. माउथपीस उकळत्या पाण्यात धुणं आणि उन्हात गाडीच्या टपावर ठेवणं ही वाकण्याची दोन मुख्य कारणं. वाकलेली चावी, हललेला खांब, भोकाच्या काठाला पडलेला खड्डा हेही तुमच्या-माझ्या हाताबाहेरचं.

कारागीर कुठला, हा पुढचा प्रश्न. मिरज आम्हाला जवळ, पण तिथला हात सतार-तंबोऱ्याचा. पॅडच्या कामाला तो कामाचा नाही. मोठ्या शहरातल्या बँडच्या वाद्यांच्या दुकानात किंवा पोलीस बँडमधल्या जुन्या वादकाकडं चौकशी करा. वाद्यं बनवणाऱ्यांचा मोठा बाजार मेरठच्या जली कोठीत आहे, पण एका पॅडसाठी कुणी मेरठ गाठत नाही.

वाद्य पाठवताना सोबत एक चिठ्ठी ठेवा. कुठल्या सुरावरून उडतं, कुठल्या सुरावर जातं, गार असताना की तापल्यावर, हळू वाजवताना की जोरात. कारागिराच्या टेबलावर बऱ्याचदा दोष दिसतच नाही आणि वाद्य तसंच परत येतं. त्या पोराच्या पेटीत मी स्वतः चिठ्ठी लिहून ठेवली होती: "जी-शार्पची स्प्रिंग. फक्त वरातीत. रबरबँड काढून बघावा."